पडण्यासाठी केलेलं टेबल

आमच्या मंगरूळपीरात हलणारं टेबल कोणालाच बघवत नाही. चहाच्या हॉटेलात बाकडं डुगडुगलं, की बसणारा माणूस चहा सांगायच्या आधी खाली वाकतो, फरशीची एखादी चीप शोधतो आणि पायाखाली सरकवतो. बाकडं त्याचं नसतं, हॉटेल त्याचं नसतं, पुन्हा तो तिथे येईलच असंही नसतं. तरी सरकवतो. आमच्या शाळेच्या स्टाफरूममधल्या टेबलाखाली जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा आहे आणि तो मीच घातलेला आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि गावाची किती, हे तुम्हाला ठरवता येईल.

मी चित्रकलेची शिक्षिका. शाळेत कला म्हणजे फळ्यावरचे सुविचार, गॅदरिंगचा पडदा आणि कोणी निवृत्त झालं की मानपत्राची वळणदार अक्षरं. अठरा वर्षं मी हेच केलं आणि तक्रारही केली नाही. पण मोबाइल हाती आल्यापासून मला हल्लीच्या कलेचं वेड लागलं. कोणी दिवसभर चाळणीत पाणी भरत बसतं, कोणी वाळवंटात झाडू मारतं, कोणी चढावर भोपळे ठेवून ते घरंगळले की पुन्हा वर आणून ठेवतं. पहिल्यांदा मी हसले. मग शाळेतल्या अठरा वर्षांकडे बघितलं आणि वाटलं, हे तर मलाही येतं.

त्यातच पुण्याच्या एका कलादालनाने लहान गावांतल्या कलाकारांकडून कामं मागवली. विषय होता, फसणं. जमत नाही ते करत राहणं. या विषयात माझा अभ्यास दांडगा. मी लिहून पाठवलं: एक टेबल. त्यावर पाहुण्यांसाठी मांडलेला चहा, सहा कपबशा. पाहुणे येत नाहीत. वाट बघून बघून टेबल पंधरा मिनिटांच्या आत आपोआप कलंडतं.

कपबशा सहाच का, तर मला बघायला पहिल्यांदा वाशीमहून पाहुणे येणार होते तेव्हा आईने सहाच मांडल्या होत्या. पाहुणे आलेच नाहीत. निरोपही नाही. चहावर साय धरली, आई त्या सहा कपांकडे बघत बसली आणि मी काठाची साडी नेसून दाराआड उभी. पुढे लग्न चांगलं झालं, नवरा चांगला मिळाला, पण ते टेबल डोक्यातून गेलं नाही. त्या दिवशी ते पडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. निदान काहीतरी झालं असतं.

माझी निवड झाली. दालनातल्या मॅडमचा फोन आला. आवाज गोड, अटी कडक. ‘धक्का द्यायचा नाही, दोरी बांधायची नाही, चलाखी चालणार नाही. पडणं खरं हवं.’ तीन आठवड्यांत व्हिडिओ पाठवायचा, तो पसंत पडला की टेबलही पाठवायचं. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन एका टेबलाच्या पडण्यावर येऊन टेकलं.

सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या.

‘टेबल पाडाले पुन्याले जाऊन राह्यली? आपल्या घरचं कपाट कवाचं पडू पडू करते. त्याले पाड.’

‘आई, ती कला हाय.’

‘मंग आमच्या घरात लय कला हाय,’ त्या म्हणाल्या आणि लसूण पुढे सोलू लागल्या.

टेबल करून घ्यायला मी चाचांकडेच गेले. दुसऱ्या कोणाकडे जायचं हा विचारसुद्धा मनात आला नाही. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं सुतारकामाचं दुकान. माझ्या माहेरचे दरवाजे त्यांचे, मी कलाशिक्षणाला अमरावतीला गेले तेव्हा बरोबर नेलेला ड्रॉइंग बोर्ड त्यांचा. खिळ्याशी त्यांचं वैर. लाकडात लाकूड बसवायचं, वरून पाचर ठोकायची, झालं. काम पूर्ण झालं की वस्तू पालथी करून, कोणाला दिसणार नाही अशा जागी पटाशीने तीन बारीक खाचा मारायच्या, एकीला एक लागून, अगदी सरळ. ती त्यांची सही. माझ्या बोर्डाच्या मागेही ती आहे आणि लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवत बसायचे.

‘ये बेटी. लय दिवसानं आली.’

‘टेबल पायजे चाचा. पन असं, का ते पडलं पायजे.’

‘कोनावर?’

‘कोनावर नाही. आपलंआपन.’

चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरी मी तीच होते.

‘पडाचंच असन तर ठेकेदाराले सांग. थो चांगलं बनवते.’

मी त्यांना आजची कला समजावून सांगितली. अपयश, अस्थिरता, माणसाची धडपड. वर्गात सांगते त्याहून चांगलं सांगितलं. ते लाकडाच्या भुशाकडे बघत ऐकत राहिले. शेजारचा पानठेलेवाला काउंटर सोडून ऐकायला आला होता. तो मध्येच म्हणाला, ‘मॅडम, यावर बक्षीस हाय काय?’

‘पंचेचाळीस साल झाले,’ चाचा म्हणाले. ‘माह्या हातचा पाट बी कधी हलला नाही. अन् तू म्हनतं पडाले पायजे.’

‘माह्यासाठी करा चाचा.’

हे वाक्य मी लहानपणापासून वापरत आले आहे आणि ते कधी वाया गेलेलं नाही. चाचांनी अंगावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, ‘करतो. पन माही निशानी नाही मारनार त्याच्यावर.’

‘नका मारू,’ मी म्हणाले. मला आनंद झाला होता, बाकी काही सुचत नव्हतं.

तीन पायांचं टेबल ठरलं. तिन्ही पाय वेगळ्या लांबीचे, बारीक, एक तर मुद्दाम तिरका. लाकडावर खुणा करायची वेळ आली तेव्हा चाचांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. ‘तू चित्रकलेची मास्तरीन. रेघ तू मार.’ मी हुरळून गेले. ज्यांच्या रेघेकडे बघून मी रेघ मारायला शिकले, ते मला मान देत होते. समोरच्या हॉटेलातून चहा आला. मी माझा पिऊन टाकला. त्यांचा तसाच राहिला. ‘मी मंग पेतो,’ ते म्हणाले. हेही मी नुसतं बघितलं. बघणं हाच जिचा धंदा, त्या बाईने काय बघितलं हे पुढे कळेलच.

टेबल झालं आणि मी खूश झाले. इतकं केविलवाणं टेबल मी जन्मात बघितलं नव्हतं. एका अंगाला झुकलेलं, पाय वाकडेतिकडे, आता पडतं की मग पडतं असं. पहिलं चित्रीकरण चाचांच्या दुकानासमोर केलं. सहा कपबशा मांडल्या, चहा ओतला, मोबाइल स्टँडला लावला, मी बाजूला झाले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पंधरा गेली. चहावर साय आली. टेबल झुकलेल्या मानेने उभं.

‘थंडा वारा हाय,’ चाचा म्हणाले. ‘लाकूड आकसते.’ बाहेर रखरखीत ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी मी एका पायाखालची माती थोडी उकरून ठेवली. ही चलाखी झाली की नाही यावर मी मनाशी बराच वाद घातला आणि नाही झाली असा निकाल दिला. टेबल खरंच किंचित हललं. कपांनी आवाज केला. तेवढ्यात रस्त्याने चाललेली मोटरसायकल थांबली. किन्हीराजा गावचा कोणी शेतकरी, मागे खताची गोणी. माणूस उतरला, काही न विचारता खाली बसला, एक दगड शोधला, पायाखाली ठोकून बसवला, हाताने टेबल हलवून बघितलं आणि मला म्हणाला, ‘आता नाही पडत, ताई.’ आणि निघून गेला. त्याच्यावर रागावणार कसं? मीच त्याला थँक्यू म्हणाले. ते व्हिडिओत आहे.

तिसऱ्या वेळी दुसरा माणूस थांबला. चौथ्या वेळी पानठेलेवाल्याने मला न विचारता एका बाजूने बल्लीचा टेकू दिला आणि वर टेबलाला त्याच्या बोटांचा चुनाही लागला. त्या रस्त्यावर माझं टेबल पडू देण्याइतकं निष्ठुर एकही माणूस नव्हतं.

मी टेबल घरी आणलं. अंगणात मांडलं, फाटक लावून घेतलं, मोबाइल सुरू केला. एवढ्यात कुकरची शिटी झाली म्हणून आत गेले. परत आले तर टेबल होतं तसंच. पंधरा मिनिटं संपल्यावर व्हिडिओ लावून बघितला. पहिली चार मिनिटं काही नाही. मग एका बाजूने सासूबाई येतात. टेबलाकडे बघतात. घरात जातात. हातात कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका घेऊन येतात, तिची नीट चार पदरी घडी करतात, खाली वाकतात (गुडघ्याचं दुखणं त्या क्षणी कुठे गेलं होतं देव जाणे) आणि ती पायाखाली सारतात. मग एक कप उचलतात, उभ्याउभ्याच चहा पितात आणि कप बशीत जागेवर ठेवून निघून जातात.

‘आई, तुमी पत्रिका काहून घातली?’

‘घरात पाहुने येऊन राह्यले अन् टेबल हलते. लोकं काय म्हनतीन?’

‘पाहुने येनारच नाहीत!’

‘थ्यायचं ते पाहतीन,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आपलं टेबल आपन सरळ ठेवाव.’

मी हसले, पण मनात चरकले. व्हिडिओ सोमवारी पाठवायचा होता आणि दुसऱ्या दिवशी शनिवार होता. रात्रभर मला झोप नव्हती. पुण्याच्या मॅडमना काय सांगणार? पडायचं टेबल पडत नाही? अपयशाच्या प्रदर्शनात मी नापास?

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी पत्रिका काढली, फाटकाला आतून कुलूप लावलं, सासूबाईंना समोर बसवून ठेवलं आणि पुन्हा चित्रीकरण केलं. टेबल पडलं नाही. मग मी नियम गुंडाळून ठेवला आणि टेबलाला एक धक्का दिला. ते हललं आणि पुन्हा होतं तिथे येऊन थांबलं. जोरात दिला. कप घसरून एक फुटला, टेबल उभं. तेव्हा मला शंका आली. कपबशा उतरवल्या, टेबल पालथं केलं आणि खालून नीट बघितलं.

वरच्या फळीच्या खाली, कडेने झाकली जाईल अशी, एक आडवी पट्टी होती. पायांना आतल्या बाजूने सांधलेली. प्रत्येक सांध्यात पाचर. एक नाही, दोन दोन. आणि तिरक्या पायाच्या टोकाला आत शिशाचं वजन भरलेलं. बाहेरून टेबल मरायला टेकलेलं आणि आतून पहिलवान.

मी ते तसंच उचललं, ऑटोत टाकलं आणि दुकानात गेले. राग माझा लवकर येतो आणि येताना चप्पल घालून येत नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, पानठेलेवाला होता. त्यांच्यासमोर मी चाचांना बोलले.

‘चाचा, हे काय केलं तुमी? मले फसवलं! एक टेबल धड पाडता येत नाही तुमाले!’

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. चाचांनी हातातला रंधा खाली ठेवला आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

हात थरथरत होते. थोडे नाही. वाऱ्यात पान हलावं तसे, थांबतच नव्हते.

‘साल झालं,’ ते म्हणाले. ‘डाक्टर म्हनते, जानार नाही. बाजारात समद्याले मालूम हाय. म्हनते, चाच्याचा हात गेला, आता थ्याचं काम टिकत नाही. दोन महिने झाले, एक चौकट नाही आली माह्याकडं.’ त्यांनी हात मागे घेतले. ‘अन् तू आली. पडनारं टेबल मांगाले. मले वाटलं, इले पडनारं सामान पायजे, म्हनून इले चाचा आठवला.’

पानठेलेवाला हळूच त्याच्या ठेल्याकडे गेला.

पेन्सिल मला का दिली, चहा का राहिला, ते मला तेव्हा समजलं. अठरा वर्षं मुलांना ‘आधी बघा, मग काढा’ असं ओरडणारी मी. मला फार लाज वाटली. मी त्यांच्याकडे का गेले, तर माझ्या आयुष्यातली पहिली महत्त्वाची वस्तू दुसऱ्या कोणी करावी हे मला सुचलंच नव्हतं. हे सांगायला गेले आणि रडूच आलं.

‘रडू नको बेटी. तुह्यं काम बुडालं काय?’

‘बुडू द्या.’

‘नाही. थांब.’ त्यांनी हातोडी घेतली, टेबल आडवं केलं आणि एक पाचर बाहेर काढायला ठोकू लागले. हातोडी पाचरेवर बसेना. एकदा लाकडावर, एकदा बाजूला. तरी ठोकत राहिले. आपणच पंचेचाळीस वर्षांच्या अब्रूसाठी बसवलेली पाचर माझ्यासाठी काढत होते. मी हातोडी धरली.

‘राहू द्या चाचा. पडत नाही तर नाही पडत.’

मग आम्ही एक काम केलं. टेबल रस्त्यावर मांडलं, उरलेले पाच कप मांडले, सहावा हॉटेलातून आणला, मोबाइल लावला. आणि मी गल्लीला सांगितलं, पाडा. ज्या गल्लीने आठवडाभर टेकू दिले होते, तिला हे फारच आवडलं. पानठेलेवाल्याने रेटलं. गिऱ्हाइकांनी रेटलं. सासूबाईंना ऑटोने बोलावून घेतलं, त्या म्हणाल्या, ‘येडे झाले काय समदे,’ आणि कप बाजूला सारून टेबलावर बसल्या. टेबल हललं, चहा सांडला, कप घसरले आणि प्रत्येक वेळी ते पुन्हा झुकलेलं उभं राहिलं. चाचा बाजूला स्टुलावर. आधी मान खाली घालून होते. मग हळूहळू हसायला लागले. शेवटी त्यांनीच ओरडून सांगितलं, ‘तिकून नाही, उगवतीकून लावा जोर!’ आणि उगवतीकडूनही ते पडलं नाही.

व्हिडिओ मी पाठवला. मॅडमचा फोन आला. ‘पण हे पडत नाहीये.’

‘नाही. आम्हाला जमलं नाही.’

पलीकडे त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला, आमच्या गल्लीचा ओरडा फोनमधून ऐकू आला. ‘टेबल पाठवा,’ त्या म्हणाल्या.

टेबल गोणपाटात बांधून द्यायचं काम चाचांनी स्वतःकडे घेतलं. मला म्हणाले, तू शाळेत जाय, मी करतो. मी मदत करू लागले तर चक्क हाकललं.

पुण्याला मी एकटीच गेले. दालन पांढरंशुभ्र, थंड, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझं टेबल मधोमध ठेवलं होतं, शेजारी पडद्यावर आमची गल्ली. येणारे लोक टेबलापासून हातभर लांब उभे राहायचे, धक्का लागेल म्हणून पिशव्या छातीशी धरायचे, पाटी वाचायचे आणि पुढे जायचे. दिवसभरात शंभर माणसं येऊन गेली असतील. एकानेही खाली वाकून काही सरकवलं नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

संध्याकाळी मॅडम माझ्याकडे आल्या. ‘सॉरी, एक सांगायचं राहिलं. काल टेबल उघडताना दिसलं, खालच्या बाजूला कोणीतरी ओरखडलंय. पॅकिंगमध्ये झालं असावं. आमचा माणूस आहे, घासून पॉलिश करून देईल.’

मी तिथेच जमिनीवर बसले आणि टेबलाखाली डोकं घातलं. आडव्या पट्टीशेजारी तीन खाचा होत्या. पहिली जरा सरळ. दुसरी वाकडी. तिसरी पटाशीच्या धारेने निसटून लाकडावरून लांब वाहत गेलेली.

‘हात लावू नका त्याला,’ मी खालूनच म्हणाले. बरंच मोठ्याने म्हणाले असणार, कारण दालनातले सगळे वळून बघायला लागले.

बाहेर येऊन चाचांना फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला.

‘पडलं काय?’

‘नाही चाचा. उभं हाय.’

‘हूं.’ ते म्हणाले. ‘खालून पाह्यलं काय तू?’

‘पाह्यलं.’

‘तिसरी हलली जराशी.’

‘हलू द्या चाचा,’ मी म्हणाले. ‘अठी प्रदर्शन त्याचंच हाय.’